वावर मक्त्यानं देता, बैल बाजारात नेता. मंग कुत्र्याचं काय?



उलंगवाडी झाली. पऱ्हाटी उपटून झाली, हरभरा घरात आला, तूर विकून झाली किंवा भावाची वाट पाहत पडली आहे. आता पाडव्यापर्यंत गावोगाव एकच बोलणं चालते. सालदार कोण, वावर कोण वाहणार, मक्ता किती, बटईनं देता का. याच दोन महिन्यांत आमच्या फाट्यावर दरसाल दोन-तीन नवी कुत्री दिसतात. ती बेवारस कुत्री नसतात. गळ्यावर दोरीचा वण असते, हाक मारली की कान टवकारतात, मोटारसायकलचा आवाज आला की धावत जातात आणि माणूस ओळखीचा नाही दिसला की परत येऊन बसतात. ती कोणाची तरी असतात. कोणीतरी आणून सोडलेली असतात.

आजची नोंद त्याच्यावर आहे. माझं मत पहिलेच सांगतो. वावर सोडणाऱ्या माणसानं कुत्रं दुसऱ्याला देण्यात काही पाप नाही. परिस्थिती येते. पण देणं वेगळं आणि सोडणं वेगळं. देण्याला महिनाभराची तयारी लागते, सोडण्याला अर्धा तास. आपण अर्ध्या तासाचा रस्ता धरतो अन् त्याची किंमत सारं गाव भरते.

हे होते काहून

कास्तकार निर्दयी झाला म्हणून हे होत नाही. कारणं साधी आहेत. पोरं पुण्याला, नागपूरला, सुरतेला. बुढा-बुढी वावरात एकटे. एक जण गेला की दुसऱ्याला पोरगा घेऊन जाते. पुण्यातल्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर, वावरातलं कुत्रं कुठं ठेवाल?

दुसरं कारण, वावरातलं कुत्र्याचं काम कमी झालं. पहिले हरभऱ्याची जागल म्हणजे मचाण, शेकोटी आणि कुत्रं. रानडुक्कर आलं, रोही आले, हरणाचा कळप आला तं पहिली खबर कुत्रं देत होतं. आता झटका मशीन आलं, तारेचं कुंपण आलं. ट्रॅक्टर आलं तसे गोठ्यातले बैल गेले. बैल गेले तं रात्री गोठ्यावर झोपणारा माणूस गेला. मंग कुत्रं राखण करेल कशाची? बैलाचं काम ट्रॅक्टरनं घेतलं, कुत्र्याचं काम तारेनं घेतलं. पण बैलाचे पैसे आले, कुत्र्याचे येत नाहीत.

मला वाटते खरी गोम इथंच आहे. ज्याला किंमत आहे त्याच्यासाठी रीत आहे. बैल विकाले नेतो तेव्हा घरची बाई त्याच्या पायावर पाणी टाकते, कुंकू लावते. बाजारात दुपट्ट्याखाली बोटं धरून सौदा होते. घेणारा दात पाहते, चाल पाहते, वशिंड चाचपते. दावं आपण घरी घेऊन येतो. म्हणजे बैल एका दारातून दुसऱ्या दारात जाते, मधात कुठं सुटत नाही. त्याचा वर्षातून एक पोळा असते. म्हाताऱ्या, भाकड जनावरासाठी गोरक्षण आहे. मूर्तिजापूरचं गोरक्षण तं खुद्द गाडगेबाबांनी उभं केलं. शेंडगावला जन्मलेला, दापुरीत मामाच्या घरी वावर वाहिलेला हा माणूस, त्याला जनावराचं दुःख कोणी शिकवाव लागलं नाही.

कुत्र्यासाठी यातलं काहीच नाही. बाजार नाही, सौदा नाही, दावं नाही, पोळा नाही. दत्ताच्या फोटोत चार कुत्री आहेत, खंडोबाच्या पायाशी कुत्रं आहे, नामदेव महाराज भाकर पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागं तुपाची वाटी घेऊन धावले ही गोष्ट आपण कीर्तनात दहादा ऐकली. पण वावर मक्त्यानं देताना विहिरीची मोटर कोणाची, पाइप कोणाचे, कुटार कोणाचं, हे सारं लिहून घेतो आणि कुत्र्याचं नाव निघत नाही.

"कुत्रं कुठंही जगते" म्हणणाऱ्यांना

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं. "त्याले काय होते, धाब्यावर टाकून दे, हाडकं खाऊन जगते." हे खोटं आहे.

वावरातलं कुत्रं एकाच शिवाराच्या वासात वाढलेलं असते. आपला धुरा, आपली विहीर, एकाच हाताची भाकर. त्याला फाट्यावर नेऊन सोडलं की तिथली कुत्री त्याला उभं राहू देत नाहीत, कारण तो मुलूख त्यांचा असते. ते रस्त्याच्या कडेनं पळते. त्याला बंडीची सवय, ट्रकची नाही. कित्येकांचा निकाल गाडीखाली लागते. जे वाचते ते भुकेनं कोंबडीवर, बकरीच्या पिलावर तोंड टाकते. मंग लोक गोटे मारतात, मंग ते चावते.

चावल्यावर काय होते ते आपल्याला माहीत आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये शंभरातले नव्व्याण्णव कुत्र्याच्या चावण्यानं होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदा लक्षणं दिसली की जवळपास कोणी वाचत नाही. म्हणून कोणालाही चावलं तं हळद, तिखट, चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पुढच्या सुया तारखेवर घ्या. पहिला दिवस शून्य धरून तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. मधली एकही चुकवू नका. तुम्ही फाट्यावर सोडलेलं कुत्रं ज्याच्या पोराला चावते त्यानं तुमचं काय बिघडवलं होतं?

आता जंगलाचं पहा. आपल्या वर सातपुडा आहे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक. काही लोक कुत्रं चिखलदऱ्याच्या घाटात, नाही तं पोपटखेड, शहानूरच्या बाजूनं नेऊन सोडतात. "जंगलात मोकळं राहील" म्हणतात. मोकळं कसलं? बिबट्याचं ते आवडतं खाणं. कुत्र्याच्या मागं बिबट्या गावापर्यंत येते, मंग आपणच वनखात्याच्या नावानं ओरडतो. अमरावती शहरात विद्यापीठाच्या परिसरात बिबट्या दिसल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर नावाचा रोग वाघ-सिंहालाही लागते. २०१८ साली गीरच्या जंगलात थोड्या दिवसांत २३ सिंह मेले, त्यातल्या काहींमध्ये या रोगाचा विषाणू सापडला. बिनसुईचं कुत्रं मेळघाटच्या पायथ्याला सोडणं म्हणजे काय, ते यावरून समजून घ्या.

कायदा काय म्हणते

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये भुकेनं-तहानेनं जनावराला त्रास होईल अशा हालतीत ते विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या वेळचा दंड फार तं ५० रुपये. साठ साली पन्नास रुपयाला काही अर्थ होता. आज त्यात दोन चहा-भजे येतात. म्हणून कायद्याचा धाक कोणाला नाही.

२०२३ मध्ये केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या नसबंदीचे नवे नियम आणले. त्यात स्पष्ट आहे की पाळलेल्या जनावराची जंताची गोळी, लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी.

सर्वोच्च न्यायालयात २०२५ मध्ये मोकाट कुत्र्यांवर काय झालं ते साऱ्यांनी टीव्हीवर पाहिलं. २२ ऑगस्टला न्यायालयानं सांगितलं की नसबंदी करून, लस देऊन कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडावं, पिसाळलेलं किंवा अंगावर येणारं सोडून. रस्त्यावरचं कुत्रं कोणी पाळाले घेतलं तं ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असंही त्या आदेशात आहे. ७ नोव्हेंबरला सांगितलं की शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलून निवाऱ्यात न्या, परत तिथं सोडू नका. आता तुम्हीच सांगा, तालुक्याच्या गावात असे निवारे किती पाहिले? म्हणजे तुम्ही बसस्टँडवर सोडलेल्या कुत्र्याला तिथं जागा नाही आणि दुसरीकडं निवारा नाही. न्यायालय, नगरपालिका सारे रस्त्यावरच्या कुत्र्याचं पाहत आहेत. पण ते रस्त्यावर आलं कुठून? त्यातली काही तुमच्या-माझ्या वावरातून आली. तो नळ आपणच बंद करू शकतो.

काळू आणि चंदी

नुसतं मत सांगून उपयोग नाही, म्हणून झालेलं सांगतो. आमच्या शेजारच्या धुऱ्याचे एक काकाजी. काकू वारल्या, पोरगा म्हणाला पुण्याला चला. साडेपाच एकर वावर मक्त्यानं द्यायचं ठरलं. वावरात दोन कुत्री. काळू चार वर्षांचा, चंदी नऊ वर्षांची. काकाजी मला म्हणाले, "बापू, वावराचं मले काही वाटत नाही, ते कुठं जात नाही. पण ह्या दोघाईले काय सांगू?"

काळूचं सोपं होतं. तरणा, अंगानं भरलेला, रात्री डोळा न लागणारा. त्याच्यासाठी तीन जण आले. एकाला काकाजींनी सरळ नाही म्हटलं, कारण तो डुकराच्या शिकारीला कुत्री वापरते हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. रानडुकराची अशी शिकार गुन्हा आहे आणि त्यात कुत्र्याचं पोट फाटते. दुसऱ्याकडं आधीच तीन नर होते. तिसरा अंजनगावकडचा एक संत्र्याचा बागाईतदार. त्याच्याकडं माणूस बागेत झोपते, पाण्याचं टाकं आहे, सावली आहे. काळू तिकडं गेला.

पाचव्या दिवशी बागाईतदारानं त्याला मोकळं सोडलं. आठव्या दिवशी सकाळी काळू काकाजींच्या धुऱ्यावर हजर. अठरा किलोमीटर, मधात नदी. पायाचे तळवे सोललेले. बागाईतदार परत न्यायला आला, तेव्हा आम्ही सांगितलं, आता दोन आठवडे बांधून ठेव. सकाळ-संध्याकाळ दोरी धरून पुऱ्या बागेच्या कडेनं फिरव, भाकर तुझ्याच हातानं दे. त्यानं तसं केलं. काळू आता तिथलाच झाला.

चंदीला कोणी विचारलं नाही. नऊ वर्षांच्या कुत्रीला कोण नेणार? एक-दोघांनी काकाजींना सल्ला दिला तो मी इथं लिहीत नाही, तुम्हाला कळला. मंग मक्ता लिहायच्या दिवशी ज्यानं वावर घेतलं त्या पोराला काकाजींनीच विचारलं. ठरलं असं, की चंदी वावरातच राहील, तिची भाकर-पाणी आणि वर्षाची सुई मक्तेदार पाहील, त्यापोटी मक्त्यात वर्षाला हजार रुपये सूट. हे मक्तापत्रात लिहिलं. लिहिणारा हसला. म्हणाला, इतक्या वर्षांत कुत्रीचं नाव कागदावर पहिल्यांदा लिहितो आहे. हसू द्या. मोटरीचा नंबर लिहिते तं कुत्रीचं नाव लिहायला काय हरकत?

माझ्या मते साऱ्या वऱ्हाडानं उचलावी अशी ही गोष्ट आहे. म्हातारं कुत्रं देऊ नये, जागेवर ठेवावं. जागा बदलणं त्याला मानवत नाही. वावर ज्याच्याकडं जाते त्याच्याकडं कुत्रं जावं, आणि ते तोंडी न राहता मक्तापत्रात एका ओळीनं जावं. त्याच्या भाकरीची सूट मक्त्यात द्यावी, म्हणजे घेणाऱ्यालाही ते ओझं वाटत नाही.

द्यायचंच असेल तं असं द्या

पहिलं, महिनाभर आधी लागा. रेबीजची सुई द्या. सुईचा पुरा जोर अंगात यायला तीन-चार आठवडे लागतात. पिलाला तीन महिन्यांनंतर आणि पुढं दरसाल. जंताची गोळी द्या. दवाखान्याचा कागद नव्या मालकाच्या हातात द्या.

दुसरं, मादी असेल तं नसबंदी करूनच द्या. फाट्यावर पोत्यात सापडणारी पिलं याच एका कामाच्या आळसातून येतात. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तिथं सोय नसली तं अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, तिथं जनावरांचा दवाखाना आहे.

तिसरं, माणूस पहा. त्याच्याकडं पहिले कुत्रं होतं का आणि त्याचं काय झालं, हे विचारा. एवढ्या एका प्रश्नात माणूस कळते. दिवस-रात्र साखळीला बांधणाऱ्याला देऊ नका. जंगलाच्या कडेला वावर असेल तं रात्री उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला ठेवलेलं ताट. आडोसा आहे का, ते डोळ्यानं पाहून या. मेंढपाळ, काठेवाडी, मेळघाटातले गवळी यांच्याकडं कुत्रं चांगलं राहते, कारण त्यांना त्याचं रोजचं काम असते आणि माणूस चोवीस तास सोबत असते.

चौथं, खरं सांगून द्या. कोंबडी धरते का, लहान पोरांवर गुरकते का, फटाक्याला भेते का, भाकर ताकात खाते का दुधात. बैलाची खोड लपवून विकणाऱ्याला आपण फसव्या म्हणतो. इथंही तेच.

पाचवं, नेणाऱ्याला आधी दोनदा वावरात बोलवा, त्याच्या हातानं भाकर टाका. नेताना कुत्र्याचं झोपायचं पोतं सोबत द्या, त्याला घरचा वास असते. तिकडं कमीत कमी दोन आठवडे बांधून. फवारणीचं औषध, उंदराचं औषध त्याच्या वाटेत नको, हे बजावून सांगा. तुम्ही स्वतः महिनाभर भेटायला जाऊ नका, नाही तं ते नव्या माणसाचं होत नाही. महिन्यानंतर मात्र एकदा जरूर जा.

सहावं, फुकट देऊ नका. सव्वा रुपया घ्या. सौदा झाला म्हणजे जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, हे दोघांनाही ठाऊक राहते.

"माणसाचं पहा, मंग कुत्र्याचं"

हे कोणी म्हणलं तं मी रागावत नाही. आपल्या अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत किती घरांत कर्ता माणूस वावरातून परत आला नाही, ते मी सांगायची गरज नाही. अशा घरी बाई आधी कर्जाचं पाहील, पोरांच्या फीचं पाहील, का कुत्र्याचं? तिच्यावर हे टाकूच नका. पण त्या घरचं कुत्रं दिवसेंदिवस धुऱ्यावर बसून असते, आणि त्याच्याकडं पाहून त्या घरची पोरं रडतात, हे मी पाहिलं आहे. तिथं आपण शेजाऱ्यांनी पुढं व्हावं. कुत्र्यासाठी जागा शोधणं हे त्या घरचं एक ओझं उचलणं आहे. पेरणीला सावड करतो तशी ही सावड. माणसाचं आणि कुत्र्याचं असं वेगवेगळं पाहताच येत नाही. दोघं एकाच वावरातले आहेत.

कृषी सहायक, पशुवैद्यक डॉक्टर, विद्यापीठातले शास्त्रज्ञ हेही ही नोंद वाचतात, म्हणून त्यांनाही एक सांगणं. अकोल्याच्या शिवारफेरीत, गावच्या शेतीशाळेत बोंडअळी, तणनाशक, बीजप्रक्रिया सारं सांगता. त्यात अर्धा तास वावरातल्या कुत्र्याला द्या. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी शिबिर शहरात घेण्यापेक्षा वावराच्या फाट्यावर घ्या. वावरातलं कुत्रं दवाखान्यापर्यंत चालत येत नाही, सुई घेऊन तुम्ही त्याच्यापर्यंत आले पाहिजे.

ज्यांचं वावर यंदा दुसऱ्याच्या हातात जाणार आहे त्यांनी आजच दोन कामं करावी. दवाखान्यात जाऊन सुईचं विचारावं, आणि मक्तापत्राच्या कच्च्या कागदावर मोटर, पाइप, कुटार याच्या खाली एक ओळ कोरी सोडावी. तिथं काय लिहायचं ते पाडव्याच्या आत ठरवा.